चाळीस मुद्दे आणि एक मूल



ज्यांच्या स्मरणार्थ हेदवीतली ही व्याख्यानमाला चालते ते आयुष्यभर प्राथमिक शिक्षक होते, म्हणून विषय मुलांचा घेतला आहे. सुरुवातीला मी एक कागद वाचते. सगळा नाही, थोडासा, आणि माझ्या शब्दांत.

नजरेला नजर देत नाही. आपण हसलो तर हसत नाही. चारचौघांत असूनही वेगळा राहतो. एकटाच बसून तोच तोच खेळ खेळतो. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणतो. हात झटकतो, गोल फिरतो. ठरलेल्या क्रमात बदल झाला की आकांत करतो. वस्तू हुंगून, चाटून बघतो. लागलं तरी रडत नाही. धोक्याची भीती नाही. एखाद्या गोष्टीची स्मरणशक्ती मात्र अचाट.

असे एकूण चाळीस मुद्दे. सहा गटांत विभागलेले: माणसांशी नातं, भावना, बोलणं, वागण्याच्या तऱ्हा, पंचेंद्रियांच्या गोष्टी आणि आकलन. प्रत्येक मुद्द्यापुढे पाच रकाने. क्वचित असेल तर १ गुण, नेहमीच असेल तर ५. म्हणजे बेरीज कमीत कमी ४० आणि जास्तीत जास्त २००. ७० च्या आत आली तर स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, नाही. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्याच्या वर तीव्र. मतिमंदत्वाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं हे स्केल तयार केलं. 'इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम' हे त्याचं नाव. एप्रिल २०१६ मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढली आणि स्वमग्नतेचं प्रमाणपत्र द्यायचं तर याच स्केलवर, असं ठरलं. त्याच वर्षाच्या शेवटी दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला. त्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आली. त्याआधीच्या, १९९५ च्या कायद्यात ती नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात होती, पण सर्टिफिकेटच्या खिडकीवर त्याचा फारसा उपयोग होत नसे. त्यामुळे कित्येक पालक मुलासाठी 'मतिमंद' असा शिक्का घेऊन घरी यायचे, किंवा काहीच न घेता यायचे. आपल्यापैकी अनेकांनी 'चौकट राजा' सिनेमा पाहिला असेल, जयवंत दळवींचं 'नातीगोती' पाहिलं असेल. त्या पिढीला मुलाचं वेगळेपण म्हणजे एकच गोष्ट ठाऊक होती. स्वमग्न मुलं त्याच गर्दीत उभी होती.

मला आज जे सांगायचं आहे ते एवढंच की या कागदावरची बेरीज एकट्या मुलाची नसते. ती मुलाची आणि त्याच्याकडे बघणाऱ्याची मिळून असते. कोण बघतं, कुठे बसून बघतं, रोज बघतं की वर्षातून एकदा, त्यावर आकडा हलतो. हेदवीसारख्या गावात बघणाऱ्यांचा तुटवडा नाही. त्यांनी पाहिलेलं कागदापर्यंत पोचत नाही, एवढीच अडचण आहे.

आता कुणी विचारेल, कागद कशाला? रक्त तपासा, डोक्याचा फोटो काढा. तर अजून तशी तपासणी नाही. एमआरआय, ईईजी, जनुकीय चाचण्या आम्ही डॉक्टर करायला सांगतो, पण त्या फिट्स आहेत का, दुसरा काही आजार सोबत आहे का, हे बघण्यासाठी. श्रवणाची चाचणी तर आधी करावीच लागते, कारण हाकेला ओ न देणारं मूल बहिरंही असू शकतं. पण स्वमग्नता आहे की नाही, हे आजही वागण्यावरूनच ठरतं. आणि वागणं बघायचं तर काय बघायचं याची यादी लागते. नाहीतर प्रत्येक डॉक्टर आपापल्या अनुभवाप्रमाणे बोलणार.

ही यादी कशी जन्मली तेही मजेशीर आहे. १९४३ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवरचा निबंध प्रसिद्ध केला. स्वमग्नतेचा वैद्यकीय इतिहास सांगताना सगळे तिथूनच सुरुवात करतात. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट, मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावातला. त्याला कॅनरकडे न्यायच्या आधी त्याच्या वडिलांनी डॉक्टरांना पत्र लिहिलं होतं. तेहतीस पानांचं, टाइप केलेलं! वडील वकील होते, लिहायची सवय होती. मूल काय खातं, काय म्हणतं, कशानं चिडतं, वस्तू कशी गरागरा फिरवतं, सगळं त्यात होतं. म्हणजे या निदानाची पहिली ओळ डॉक्टरच्या आधी बापानं लिहिली. डोनाल्ड पुढे कॉलेजात गेला, बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला आणि २०२३ मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी गेला. गावानं त्याला आहे तसा सांभाळला.

पत्राचं फॉर्ममध्ये रूपांतर व्हायला वीसहून अधिक वर्षं लागली. बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकी नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ. त्यांचा मुलगा स्वमग्न होता. तेव्हा आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, असं भलेभले म्हणत. आपल्याकडेही 'आईचं लक्ष नाही' हे वाक्य अजून मेलेलं नाही, हे मी दर आठवड्याला ऐकते. रिमलंडनी १९६४ च्या पुस्तकात ते खोडून काढलं आणि शेवटी पालकांनी भरायची एक प्रश्नावली जोडली. पालक ती भरून त्यांच्या पत्त्यावर पाठवू लागले. मग १९८० मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या एरिक शॉपलर आणि सहकाऱ्यांचं 'कार्स' स्केल आलं. पंधरा मुद्दे, प्रत्येकाला १ ते ४ गुण, मधले अर्धे गुणही चालतात, ३० किंवा त्याहून जास्त झाले की स्वमग्नता. भारतात ते अजूनही सर्रास वापरतात. त्यातला पंधरावा मुद्दा मला फार आवडतो. तो विचारतो, एकूण बघता तुम्हाला काय वाटतं? चौदा ठिकाणी मोजमाप करून झाल्यावर स्केल करणाऱ्यांनी माणसाच्या अंदाजाला एक रकाना राखून ठेवला. शास्त्रात असा प्रामाणिकपणा कमी दिसतो.

आपल्याकडे असं काही झालंच नाही, सगळं आयात, असं म्हणणाऱ्यांसाठी तीन नावं सांगते. धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. त्यांचं पुस्तक १९४० चं. बिने-कामत चाचणी आजही पुण्यामुंबईच्या क्लिनिकमध्ये वापरात आहे. दुसरे नागपूरचे ए. जे. मॅलिन. अमेरिकेतल्या व्हाइनलंड शाळेत एडगर डॉल यांनी सामाजिक परिपक्वता मोजणारं स्केल केलं होतं. मूल स्वतः जेवतं का, कपडे घालतं का, दुकानातून सामान आणतं का, असे प्रश्न आईला विचारायचे. मॅलिन यांनी त्याचं नागपुरी रूपांतर ८९ मुद्द्यांचं केलं. स्वमग्न मुलाची फाइल तुम्ही उघडलीत तर त्यात हा नागपूरचा कागद बहुतेक वेळा सापडतोच. तिसऱ्या बडोद्याच्या प्रमिला फाटक. एक ते तीस महिन्यांच्या बाळांसाठी त्यांनी केलेल्या श्रेणीत हालचालींचे ६७ आणि आकलनाचे १६३ मुद्दे आहेत. पुढे तिची सुधारित आवृत्ती इथल्याच वस्तू वापरून तयार झाली. हे काम कंटाळवाणं असतं. शेकडो बाळं, एकेक खुळखुळा, एकेक ठोकळा, वर्षानुवर्षं. अशा कामाला ना सत्कार, ना वर्तमानपत्रात फोटो. पण आपल्या मुलांना आपल्याच मुलांशी ताडून बघण्याची सोय या लोकांनी केली.

ही सोय का लागते? स्वमग्नतेच्या निदानासाठी जगभर नावाजलेली 'एडॉस' नावाची निरीक्षण-चाचणी आहे. तिच्यासाठी खेळण्यांची पेटी येते, प्रशिक्षण घ्यावं लागतं, सगळं महागडं. त्यात लहान मुलांसाठी एक खेळ आहे: बाहुलीचा वाढदिवस. केक, मेणबत्त्या, फुंकर. मूल या खेळात सामील होतं का ते बघायचं. वीस वर्षांपूर्वी मी म्हटलं असतं की आमच्या गुहागर तालुक्यातल्या मुलाला याचं काय? आता हेदवीतही वाढदिवसाला केक कापतात, त्यामुळे ती तक्रार थोडी जुनी झाली. तरी मुद्दा उरतोच. मूल खोटंखोटं खेळतं का, हे बघायला प्लास्टिकचा टेलिफोनच लागतो असं नाही. करवंटीत माती भरून 'आजी, भात घे' म्हणणारी मुलगी तेच दाखवत असते. स्केल भरणाऱ्याला करवंटी दिसली पाहिजे.

आता प्रत्यक्ष कागद भरताना काय होतं ते सांगते. दोन-तीन घरांचं एकत्र करून सांगते, म्हणजे कुणाची ओळख पटायची नाही. मुलगा चार वर्षांचा. सोबत आई, आजी आणि रजा काढून मुंबईहून आलेले वडील. मी विचारते, हाक मारली की बघतो का?

आई म्हणते, "नाही बघत." आजी लगेच म्हणते, "बघतो की! मनात असेल तेव्हा बघतो." वडील म्हणतात, "माझ्याकडे तर नेहमी बघतो." तिघंही खरं बोलत असतात. आईची हाक दिवसाला पन्नास वेळा, कामाच्या घाईत, पाठमोरी. आजीची हाक खाऊसोबत. वडील महिन्यातून एकदा येतात आणि त्यांच्या पिशवीत बिस्किटांचा पुडा असतो. पुड्याचा कागद वाजला की पोरगं वळतं. वडिलांना वाटतं आपल्याला बघितलं.

मग मी आजींना मुलाच्या मागे बसायला सांगते. हातात काही नाही, बांगड्यांचा आवाज नाही, नुसती हाक. थांबून थांबून दहा वेळा. मूल खिडकीच्या गजावर बोट फिरवत बसलेलं. नवव्या हाकेला मान किंचित हलते. तेवढ्यात बाहेर रिक्षा जाते, तिच्याकडे मात्र ते ताबडतोब बघतं. म्हणजे कान ठीक आहेत. आजी उठून माझ्याकडे येतात, काही बोलत नाहीत.

चाळीस मुद्द्यांच्या या स्केलमध्ये प्रत्येक गुणापुढे टक्के लिहिलेले आहेत. 'कधी कधी' म्हणजे एकूण वेळेच्या २१ ते ४० टक्के. 'बऱ्याचदा' म्हणजे ४१ ते ६०. कुठल्याही घरात असे टक्के कुणी काढत नाही, आणि काढायला सांगणं हा अन्याय आहे. म्हणून विचारायचं असतं ते कालच्या दिवसाबद्दल. काल उठल्यावर काय झालं? चहाच्या वेळी? अंगणवाडीत सोडताना? शेजारची मुलं खेळायला आली तेव्हा हा कुठे होता? असं विचारत गेलं की टक्के आपोआप हाताला लागतात.

पुढचा प्रश्न, मुलाला काही हवं असेल तर कसं सांगतो? आई म्हणते, "मागतच नाही काही. त्याला लागतंच काय?" ही आई मुलाला तहान लागायच्या आधी पाणी देते. भूक लागायच्या आधी ताट वाढते. चार वर्षांत तिनं त्याचं घड्याळ पाठ केलंय. तिला खोटं बोलायचं नाही, तिच्या घरात प्रश्नच उभा राहत नाही. मी विचारते, आणि एखाद दिवशी पाणी द्यायला उशीर झाला तर? जरा वेळ विचार करून ती सांगते, "माझा हात धरून नेतो आणि माठावर ठेवतो." तुमच्या तोंडाकडे बघतो का तेव्हा? "नाही. माठाकडेच बघतो." या एका उत्तरात दहा मुद्द्यांचं उत्तर आहे. आईचा हात त्याला वापरता येतो, पण आई त्या हाताला जोडलेली आहे याची दखल तो घेत नाही. कागदावर मी एक आकडा लिहिते, पण समासात हे वाक्य लिहून ठेवते. सहा महिन्यांनी हाच मुलगा माठावर हात ठेवून एकदा आईकडे वर बघेल, तेव्हा बेरीज कदाचित एकाच गुणानं बदलेल. घरात मात्र खूप बदललेलं असेल, आणि ते समासातल्या वाक्यावरून कळेल.

बोट दाखवण्याचंही असंच. बोट दोन कारणांनी दाखवतात. एक, मला ते दे. दुसरं, ते बघ! पहिलं अनेक स्वमग्न मुलं करतात. दुसरं कमी करतात किंवा उशिरा करतात. तुमच्या बामणघळीवर भरतीच्या वेळी पाण्याचा फवारा उसळतो तेव्हा तिथे उभ्या असलेल्या दोन वर्षांच्या मुलाकडे बघा. फवारा उडतो, मूल बोट करतं आणि लगेच आईच्या तोंडाकडे वळून बघतं, तिनं पाहिलं की नाही ते. हे वळून बघणं आम्ही शोधत असतो. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी वापरतात त्या 'एम-चॅट' प्रश्नावलीत वीस प्रश्न आहेत, त्यातले बरेच याच्याच भोवती फिरतात.

काही मुद्दे आपल्याकडे वेगळे पडतात. नजर देणं घ्या. मोठ्यांशी बोलताना डोळे वर करायचे नाहीत, असं काही घरांत आजही शिकवतात. पण हे शिकवणं आठ वर्षांच्या मुलाला लागू होतं. दीड वर्षाच्या बाळाला कुणी शिकवलेलं नसतं, ते सगळ्यांकडे टकामका बघतं. तेव्हा संस्कृतीचं कारण पुढे करून प्रत्येक मुद्दा बाद करायचा नाही. सर्वनामांची उलटापालट घ्या. इंग्रजीत मूल 'मी'च्या जागी 'तू' म्हणतं ते सहज कळतं. मराठीत आपण सर्वनाम गाळतो, त्यामुळे ते क्रियापदात शोधावं लागतं. तहान लागलेला मुलगा येऊन म्हणतो, "पाणी पिणार आहेस?" घरच्यांना वाटतं केवढा प्रेमळ, आपल्याला विचारतोय. खरं तर आई त्याला जसं विचारते तेच वाक्य तो पाणी मागायला वापरतोय. आणि पाठांतर! गणपतीत सगळ्या आरत्या, अथर्वशीर्ष, मंत्रपुष्पांजली एकही शब्द न चुकता म्हणणारा चार वर्षांचा मुलगा. पाहुणे कौतुक करून थकतात. ज्या मुलाला मंत्रपुष्पांजली पाठ आहे त्याला कोकणात कुणी डॉक्टरकडे नेत नाही. 'भूक लागली' हे दोन शब्द त्याला म्हणता येत नाहीत, हे त्याच्या आईशिवाय कुणाच्या लक्षात आलेलं नसतं.

गणपतीचा विषय निघालाच तर सणाला शहरातून गावी येणाऱ्या चाकरमान्यांबद्दल थोडं. रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाहीत. वर्षातून एकदा येणाऱ्या आत्याला दिसतात. "मागच्या वर्षी हा 'आत्या' म्हणायचा ना? आता का नाही म्हणत?" हा प्रश्न ती विचारते आणि घरात भांडण होतं. पण बोलणं येऊन गेलं का, हा त्या चाळीसांतला फार महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि त्याचं उत्तर बहुतेकदा आत्याकडे असतं. अर्थात याच आत्याला मूल ढोल वाजल्यावर खाटेखाली जाऊन कान दाबून बसलेलं दिसतं आणि ती म्हणते लाडावून ठेवलंय. तेव्हा तिचं निरीक्षण घ्यायचं, निष्कर्ष सोडून द्यायचा.

आता आकड्याच्या दोन नोकऱ्यांबद्दल. एकाच बेरजेकडून आपण निदानही मागतो आणि सर्टिफिकेटवरची टक्केवारीही. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर सवलती मिळतात, प्रवास, शिष्यवृत्ती, आयकरात सूट, राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना. म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या बोर्डासमोर बसलेले पालक मुलाचं वाईटात वाईट सांगतात. तेच पालक महिन्याभरानं शाळेत प्रवेश घ्यायला जातात तेव्हा त्याच मुलाचं चांगल्यात चांगलं सांगतात. मी त्यांना दोष देत नाही. जयगडची खाडी फेरीबोटीनं ओलांडून, किंवा चिपळूणमार्गे वळसा घालून, दिवसाची मजुरी बुडवून ते रत्नागिरीला पोचलेले असतात. तिथे तासाभरात अनोळखी खोलीत मूल दाखवायचं असतं. मूल प्रवासानं दमून झोपतं किंवा रडतं. झोपलेल्या मुलाचे चाळीस मुद्दे कसे भरायचे? ते आईच्या तोंडून भरले जातात. माझं स्पष्ट मत आहे की निदानाचा कागद आणि सवलतीचा कागद वेगळे असायला हवेत. सवलत मुलाला काय मदत लागते यावर मोजली पाहिजे. एखाद्या मुलाची बेरीज ८० असते आणि त्याला चोवीस तास माणूस लागतो. दुसऱ्याची १२० असते आणि तो एकटा शाळेत जातो, येतो.

चोवीस तास माणूस का, तर धोक्याची भीती नाही, हा एक मुद्दा आहे ना, त्याला जास्तीत जास्त ५ गुण मिळतात. नागपूरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातही ५ आणि हेदवीतही ५. पण इथे परड्यात विहीर आहे, पलीकडे समुद्र आहे. अनेक स्वमग्न मुलांना पाण्याचं विलक्षण आकर्षण असतं आणि घरातून न सांगता निघून जाणं हीही त्यांच्यात नेहमीची गोष्ट. जगभर अशा मुलांच्या अपघाती मृत्यूंत बुडून मरणं हे मोठं कारण आहे. म्हणून या मुद्द्यावर ४ किंवा ५ लिहिलं की मी पेन खाली ठेवते आणि विचारते, विहिरीला कठडा किती उंच आहे? वर जाळी आहे का? फाटकाला आतून कडी कुठे आहे? मुलाला पोहायला शिकवणार का? एका घरात त्याच आठवड्यात विहिरीवर जाळी बसली. उपचारांचा पहिला भाग तोच होता. स्पीच थेरपी नंतर सुरू झाली.

मुलींबद्दल एकच सांगते. कॅनरच्या अकरांत आठ मुलगे होते, तीन मुली. तेव्हापासून बहुतेक मुद्दे मुलग्यांवरून घडत गेले. गप्प बसणारी, कोपऱ्यात बाहुल्या ओळीनं लावणारी मुलगी आपल्याकडे शहाणी ठरते. तिची बेरीज ७० च्या खाली राहते, आणि आठवी-नववीत ती कोसळते तेव्हा कारण दुसरंच शोधलं जातं.

सरकारी पातळीवर काय आहे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरला झाली. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, आणि तपासायच्या तीस गोष्टींत स्वमग्नताही आहे. पथकाकडे वेळ थोडा, मुलं पुष्कळ. इथे एक हिशेब समजून घ्या. समजा हजार मुलं आहेत आणि त्यात दहा स्वमग्न. आपली प्राथमिक चाळणी चांगली आहे, दहांतली नऊ पकडते. उरलेल्या ९९० मधल्या शंभरातल्या पाचांवर चुकून बोट ठेवते, म्हणजे सुमारे ५०. एकूण ५९ आयांना सांगितलं जाईल की मूल पुढे दाखवा. त्यातल्या पन्नास घरी घाबरून जातील आणि त्यांच्या मुलाला स्वमग्नता नसेल. म्हणून चाळणीत अडकणं म्हणजे निदान नव्हे, हे प्रत्येक आईला तिथेच, त्याच क्षणी सांगितलं पाहिजे. 'एम-चॅट' करणाऱ्यांनी तर दुसऱ्या फेरीचे प्रश्न वेगळे ठेवलेत, ते याचसाठी. पण घाबरून चाळणीच नको, असं म्हणणंही परवडत नाही. उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणी घरोघरी जाऊन केलेला मुलांच्या विकासविषयक अडचणींचा मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दृष्टी, ऐकणं, फिट्स, बोलणं, स्वमग्नता, बुद्धी असं सगळं धरून २ ते ६ वर्षांच्या मुलांत सुमारे ९ टक्के आणि ६ ते ९ वर्षांच्या मुलांत जवळपास १४ टक्के मुलांना काही ना काही अडचण होती. यात आपल्या शेजारच्या किनाऱ्यावरची मुलंही होती.

त्याच गोव्यात 'संगत' संस्थेमार्फत आणि पाकिस्तानात रावळपिंडीत मिळून एक प्रयोग झाला, २०१६ मध्ये तो 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त आला. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालक आणि मूल खेळताना व्हिडिओ काढले आणि तेच पालकांसोबत बसून पाहिले. बघा, इथे मूल तुमच्याकडे वळलं होतं, तुम्ही त्या वेळी दुसरीकडे बघत होतात. एवढंच. पालकांचा प्रतिसाद वाढला, मुलंही आपणहून जास्त संवाद साधू लागली. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की बघायला शिकवता येतं, आणि त्यासाठी प्रशिक्षण दिलेली गावातली मुलगी पुरते.

म्हणून मी अंगणवाडीताईंना आणि घरच्यांना एक साधी वही ठेवायला सांगते. गुण लिहायचे नाहीत. 'हट्टी', 'लाजरा', 'हुशार' असे शब्द लिहायचे नाहीत. काय झालं तेवढंच लिहायचं. सोमवार, खिचडीच्या वेळी मुलांनी टाळ्या वाजवल्या, हा उठून दारामागे गेला. बुधवार, चेंडू दिला तर परत दिला नाही, पण चेंडू फिरवत ठेवला, बराच वेळ. शनिवार, ताईंना बघून हसला, पहिल्यांदाच. तारीख टाकायची. मोबाईलवर एखादा मिनिटभराचा व्हिडिओ घेतला तर उत्तम, फक्त तो गावाच्या ग्रुपवर टाकायचा नाही, डॉक्टरला दाखवायचा. महिन्याभराची अशी वही घेऊन येणाऱ्या आईचा कागद मी अर्ध्या वेळात भरते, आणि तो मुलाच्या जास्त जवळ जातो. रत्नागिरीच्या खोलीत मूल झोपलं तरी चालतं.

शेवटी, ज्यांचे कागद कधी भरलेच गेले नाहीत त्यांच्याबद्दल. प्रत्येक गावात एखादा चाळीस-पन्नासचा पुरुष असतो. कमी बोलतो, ठरलेल्या वेळी ठरलेल्या रस्त्यानं जातो, एसटीच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा त्याला पाठ असतात, लग्नकार्यात मांडवात येत नाही, मागे पाणी भरतो. आईवडील आहेत तोवर चालतं. हा कागद मुलांचा म्हणून ओळखला जात असला तरी मोठ्या माणसाचंही मूल्यमापन होतं आणि प्रमाणपत्र मिळतं. मात्र लहानपणी तो कसा होता हे सांगणारं माणूस लागतं, आणि ते माणूस, म्हणजे त्याची आई, आता ऐंशीची असते. अठरा वर्षांपुढच्या स्वमग्न व्यक्तीला कायदेशीर पालक नेमून देण्याचं काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती करते, राष्ट्रीय न्यास कायद्याखाली. अर्ज करता येतो. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, आणि प्रमाणपत्रासाठी आईची आठवण. तुमच्या वाडीत असं घर असेल तर या पावसाळ्याच्या आत त्या आजींकडे जाऊन बसा आणि त्या सांगतील ते लिहून घ्या. तो कधी चालायला लागला, पहिला शब्द कोणता, शाळा का सुटली. माझा फोन नंबर व्याख्यानमाला चालवणाऱ्या मंडळाकडे आहे. आता प्रश्न घेऊ.